चिलमीतला खडा

आंजीच्या पुंडलिकरावांनी चिलीम सोडली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी त्यांना केळझरच्या गणपतीसमोर उभं करून तसं वदवूनच घेतलं होतं. पुंडलिकराव शब्दाला जागणारे गृहस्थ, त्यामुळे त्यांनी घरात चिलीम सोडली. गोठ्याबद्दल गणपतीने काही विचारलं नव्हतं, आणि यांनीही आपण होऊन विषय काढला नव्हता.

रोज दुपारी किराणा दुकानाला कडी घालून ते गोठ्यात जात. शेजारचा तानबा कुंपण ओलांडून येई. चिलीम कशाने गोड लागते, यावर दोघांचं एकमत होतं. तंबाखू कुणीही विकत आणतो, मातीची चिलीम कुंभार देतो आणि ओली छापी म्हणजे शेवटी जुन्या धोतराचं फडकं. खरी करामत आत बसणाऱ्या खड्याची. तो मोठा असला तर दम कोंडतो, लहान असला तर तंबाखू तोंडात येते आणि नवा असला तर धूर घशाला चावतो. पुंडलिकरावांनी आपला खडा हिंगणघाटला वणा नदीच्या पात्रात चौदा खडे नाकारून निवडला होता. अकरा वर्षांच्या धुराने तो काळाभोर आणि तुळतुळीत झाला होता.

त्रेपन्न सालच्या पौषात, एका दुपारी ते चिलीम झाडत असताना दाराशी बांगड्या वाजल्या. चिलीम कडब्यात गेली, तानबा कुंपणापलीकडे गेला आणि खडा शेणात गेला. पहिल्या दोघांचं लक्षात राहिलं, तिसऱ्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी पुंडलिकराव घरी आले तर शेजारच्या आनंदाबाई देव्हाऱ्यापुढे हात जोडून बसलेल्या. आत तुळशीच्या पानावर त्यांचा खडा!

"अवो, पाहा!" सुलोचनाबाईंनी त्यांना हाताला धरून देव्हाऱ्यापुढे नेलं. "शेन भरून राह्यली होती, त आपल्या कोठ्यात शाळिग्राम सापडला!"

"शाळिग्राम? आपल्या कोठ्यात काऊन येईन तो?"

"तुमी चिलीम सोडली ना, म्हनून देव घरी आला. आनंदाबाईबी हेच म्हनते."

यावर बोलायला पुंडलिकरावांकडे पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीच बोलण्यासारखं नव्हतं.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. तानबाने विटेचा तुकडा घातला, तो तापून फुटला. सुपारी घातली, ती जळाली. कौलाचा तुकडा घासून बसवला, तर दोघांनाही जोराचा ठसका लागला.

"भाऊ, असानं तं मी मरून जाईन," तानबा डोळे पुसत म्हणाला. "देवाजवळून खडा घेऊन या ना."

पण आंघोळ केल्याशिवाय देव्हाऱ्याला हात लावायची सोय नव्हती. मग पुंडलिकराव कडाक्याच्या थंडीत पहाटे विहिरीवर आंघोळ करू लागले आणि पूजाही त्यांनी आपल्याकडे घेतली. पूजा झाली की खडा कनवटीला, गोठ्यात चार झुरके, आणि घर जागं व्हायच्या आत खडा परत तुळशीवर. नवऱ्याची ही भक्ती पाहून सुलोचनाबाई कृतार्थ झाल्या.

"शाळिग्रामाचं तेज लय वाढून राह्यलं," त्या म्हणत. "तीर्थ तेवढं जरा कडू लागते."

"देवाचं तीर्थ हाये ते, सरबत नाई," पुंडलिकराव म्हणत.

पंधरा दिवसांत ही कीर्ती गावभर झाली. असा जागृत देव दुकानदाराच्या घरी ठेवू नये, असं आनंदाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांच्या मनात आलेलं सुलोचनाबाईंच्या तोंडून बाहेर पडलं. राममंदिरातल्या वृद्ध हरिदासमहाराजांना निरोप गेला. पुंडलिकरावांना वाटलं, महाराज जाणते आहेत. हा साधा गोटा म्हणून ते अंगणात फेकतील. आपण फक्त उचलायचा.

महाराजांनी खडा उजेडाला धरला, बोटांत फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ उघडेनात.

"महाराज, साधा गोटाच असन तो," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "द्या फेकून आंगनात."

"फेकून?" महाराजांनी खाडकन डोळे उघडले. "अरे, असा जन्मात एकदा भेटते! हा घरात ठेवाचा नाई. मीच नेतो."

सुलोचनाबाईंनी पदराने डोळे टिपले. पुंडलिकरावांचेही डोळे भरून आले, आणि ते अगदी खरे भरून आले होते.

निदान शेवटचं पाहून यावं म्हणून संध्याकाळी ते मंदिरात गेले. देवापाशी खडा दिसेना. मंदिरामागे चिंचेखाली महाराज बसले होते. त्यांच्या हातात चिलीम होती, आणि तिचा धूर पुंडलिकरावांनी दहा पावलांवरून ओळखला.

"बैस," महाराज म्हणाले. "खडा वणेचा ना?"

"होय, महाराज."

"किती वर्साचा?"

"अकरा."

"तरीच!" महाराजांनी चिलीम पुढे केली. पुंडलिकराव घुटमळले.

"घे, घे. देवळातल्या प्रसादाले नाई म्हनू नये."

पुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी चिलीम घेतली आणि कपाळाला लावली. त्या दिवसापासून त्यांनी एकही आरती चुकवली नाही.

"काय सांगू बाई," सुलोचनाबाई आनंदाबाईंना कौतुकाने सांगत, "प्रसाद घेतल्याबिगर घरी येतच नाईत."