तीनच संधी

आमचे भापकर सर नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाहीत, पायांकडे बघतात. नवे मुख्याध्यापक हजर झाले त्या दिवशी सरांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि मला म्हणाले, "एक मीटर दहा. पोट उतरलं तर वीस."

काष्टीच्या आमच्या शाळेत सर उंच उडी शिकवतात. मी गणिताचा, म्हणून संधी मोजायचं काम माझ्याकडे. गादी परवडत नाही, तेव्हा खड्ड्यात सोयाबीनचं भुसकट. एकदा स्पर्धेच्या तोंडावर शेजारच्या दोन म्हशींनी निम्मा खड्डा खाल्ला. सर शांतपणे म्हणाले, "दांडी ठिवली, एवढी अक्कल हाय त्यास्नी."

सरांचा नियम एकच, तीनच संधी. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाने तीनदा दांडी पाडली. अध्यक्ष स्वतः रदबदलीला आले. "चौथी देवालाबी न्हाई," सर म्हणाले. तीन किकमध्ये गाडी चालू झाली नाही तर तिलाही बाद ठरवून ढकलत शाळेत येतात. आम्ही हसतो, ते घाम पुसतात.

गेले दोन महिने मात्र सर शाळा सुटली की पळायचे. सरावाची एक दांडीही गायब होती. आम्ही त्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली. शेवटी एका रविवारी मोजपट्टी मागायला मी त्यांच्या घरी गेलो.

अंगणात दोन विटांवर दांडी ठेवलेली, जेमतेम पाच इंच उंच. पलीकडे भिंत धरून वहिनी उभ्या. दिवाळीत त्यांची डावी बाजू लुळी पडली होती.

"सैपाकघराच्या उंबऱ्याची उंची हाय," सर म्हणाले. "म्हनलं, उंबराच काढून टाकू. तर म्हनती, न्हाई, वलांडूनच जाईन आन् च्या मीच करीन."

वहिनींनी पाय उचलला. दांडी पडली. सरांनी वाकून ती पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. मी सवयीने मोजत होतो. तिसऱ्यांदा पडली, चौथ्यांदाही पडली. सर दांडीवरची माती पुसत म्हणाले, "हं. पैली संधी."

"आवो, सकाळधरनं पैलीच चाललीय," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी मास्तर गणिताचे. कितवी झाली, खरं सांगा."

सर माझ्याकडे बघेनात.

"पहिलीच आहे, वहिनी," मी म्हणालो.