यूतोंगला मी इंग्रजी शिकवलं

मावळात इंग्रजी शिकवणारे पुष्कळ आहेत. पण चीनहून आलेल्या मुलीला इंग्रजी शिकवणारा मी एकटाच! हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पुढची हकीकत सांगताना तोच हात तोंडावर जाणार आहे, पण ते नंतर.

मी निवृत्ती. मळवलीत एका शेठचे दोन बंगले आहेत, त्यांची राखण करतो. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी मात्र बंगल्यावर शिकलो, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून. "वेलकम सर. पूल मॉर्निंग सेवन टू इव्हिनिंग सेवन. नायलॉन कपडा कम्पल्सरी. म्युझिक टेन ओक्लॉक बंद. ब्रेकेज यू पे." असल्या भांडवलावर माझा सगळा संसार झाला. मुलीचं लग्नसुद्धा झालं!

आमची ही, अंबू, गेल्या दिवाळीच्या आधी वारली. मागच्या खोलीत आता मी एकटा असतो. सुरुवातीला माणसं यायची, बसायची. पण मी तोंड उघडलं की समोरच्याचं उत्तर तयारच असायचं. शेजारच्या चिमाबाईंना एकदा म्हणालो, "अंबू गेल्यापासून मला..."

"जाऊ द्या हो भाऊ! सुटली ती. माझ्या नणंदेचं तर ऐका, दोन वर्सं हातरुणात!"

मग मी तासभर नणंदेचं ऐकलं. नणंद अजून जिवंत आहे. चांगली ठणठणीत!

तर, त्याच सुमाराला शेठनं एक बंगला वर्षासाठी भाड्यानं दिला. भाडेकरू कोण? तळेगावकडच्या कारखान्यात मशिनं बसवायला आलेले लिनसाहेब, त्यांची बायको आणि आठवीत जाणारी मुलगी यूतोंग. चष्मा, आखूड केस, आणि तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतकी गप्प. पायरीवर बसून राहायची. मीही समोरच्या पायरीवर बसायचो. दोन खांब समोरासमोर पुरल्यासारखे आम्ही बसायचो.

एका रविवारी शेठच्या दुसऱ्या बंगल्यातला एक पाहुणा लुंगी नेसून पोहायला पुलात उतरला. मी असा काही ओरडलो की भाजे लेण्यांपर्यंत गेलं असेल. लिनसाहेब धावत बाहेर आले. मला वाटलं, आता तक्रार. तर त्यांनी माझा हात धरून हलवला.

"यू इंग्लिश, व्हेरी लाऊड! व्हेरी गुड!"

मग त्यांनी मोबाइल काढला. त्यात चिनी बोललं की पलीकडून मराठी निघायचं. मोबाइल एका बाईच्या आवाजात म्हणाला, "माझ्या मुलीची लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी तोंडी परीक्षा आहे. उत्तीर्ण झाली तर ती येथे राहील. अनुत्तीर्ण झाली तर तिला आजीकडे चीनला पाठवण्यात येईल. कृपया रोज संध्याकाळी तिच्याशी इंग्रजी बोला."

मी पोरीकडे पाहिलं. ती चपलेच्या अंगठ्याशी खेळत होती. ही गेली तर समोरची पायरीही रिकामी होणार, एवढं मला समजलं. मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, सर!" सगळ्या संकटांची सुरुवात याच दोन शब्दांनी होते.

तिची शिकण्याची तऱ्हा वेगळी होती. तिच्या तिकडच्या शाळेत म्हणे धडा अख्खा पाठ करायचा, उभं राहून घडाघडा म्हणायचा, आणि संपेपर्यंत थांबायचं नाही. अर्थ नंतर! ती माझं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायची. मग दिवसभर कानात तारा घालून बागेत फेऱ्या, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटणं. आम्ही पाढे पाठ करायचो तसं. दुसऱ्या संध्याकाळी सगळं म्हणून दाखवायची. एक अक्षर इकडे-तिकडे नाही! बोलण्याआधी मी घसा खाकरतो, तर तीही खाकरायची. साठीच्या म्हाताऱ्यासारखं. चौदा वर्षांच्या पोरीच्या गळ्यातून तो आवाज ऐकला की पेरूवरचे पोपट उडायचे.

पण माझी वाक्यं दोन दिवसांत संपली. "ब्रेकेज यू पे"च्या पुढे माझं इंग्रजी कधी गेलंच नव्हतं. आता काय शिकवायचं?

मग मी जे मनात येईल ते बोलायला लागलो. आज काय केलं, काय खाल्लं. आणि हळूहळू अंबूचं. मराठीत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मराठीत सुरुवात केली की पहिल्याच शब्दाला रडू यायचं. इंग्रजीत मला रडायला येतच नव्हतं, म्हणून सांगता आलं. एकेक शब्द शोधायचा, जुळवायचा. त्या धांदलीत डोळ्यांतलं पाणी बिचारं वाट बघत बसायचं आणि परत जायचं. यूतोंग सगळं ऐकायची. मान हलवायची. मधे बोलायची नाही. संध्याकाळ झाली की मी सदरा बदलून पायरीवर हजर!

ते सगळं तिच्या मोबाइलमध्ये जात होतं आणि मोबाइलमधून डोक्यात. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

मे महिन्यात परीक्षेचा दिवस आला. लिनसाहेबांनी मलाही गाडीत घातलं. म्हणाले, "टीचर कम!" मी मुलीच्या लग्नातला कोट चढवला. तो आता खांद्यावर हँगरला अडकवल्यासारखा लोंबत होता. शाळेच्या ऑफिसात माझीच मुलगी प्रतीक्षा क्लार्क आहे. कुसगावला तिचं घर. या सगळ्याची तिला कानोकान खबर नव्हती. मला तिला चकित करायचं होतं.

ती झाली चकित!

"आबा? तुम्ही इथे? आणि हा कोट?"

"मी टीचर हाय," मी म्हणालो.

"कुणाचे?"

तेवढ्यात मुख्याध्यापिका यशोधरा मॅडमनी आत बोलावलं. प्रतीक्षा फाइल घेऊन मागोमाग आली आणि दाराशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर, गाडी फाटकाच्या मधोमध बंद पडल्यावर असते, तसली घालमेल होती.

मॅडमनी गोड हसून विचारलं, "टेल मी अबाउट युवर होम, बेटा."

यूतोंग उभी राहिली. तिनं जोरात घसा खाकरला. मॅडम दचकल्या.

"वेलकम सर. थ्री बेडरूम, ऑल एसी. किचन यूज, एक्स्ट्रा चार्ज."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कोटाचं बटण लावलं.

"ओके. आणि शाळेत कोणते नियम पाळायला हवेत?" त्यांनी इंग्रजीतून विचारलं.

"म्युझिक टेन ओक्लॉक बंद! ब्रेकेज यू पे! पोलीस कमिंग, देन आय डोन्ट नो!"

"व्हेरी... क्लिअर," मॅडम म्हणाल्या. लिनसाहेबांना आनंद आवरेना. ते माझ्या गुडघ्यावर थापा मारत होते. मलाही वाटलं, चाललंय की! आता एकच प्रश्न उरला होता.

"लास्ट क्वेश्चन. टेल मी अबाउट युवर फॅमिली."

यूतोंगनं या वेळी घसा हळू खाकरला. मग एक उसासा सोडला. तो उसासा माझा होता.

"माय वाईफ एक्स्पायर्ड."

लिनसाहेबांना इंग्रजी बेताचंच, पण हे दोन्ही शब्द नेमके ठाऊक. एक घरातला, दुसरा कारखान्यातल्या डब्यांवरचा. ते ताडकन उठले, पांढरेफटक पडले आणि थेट घरी फोन लावला. मॅडमही उठल्या. त्यांना वाटलं, गृहस्थाची बायको गेली आणि आत्ता कळतंय! त्या हात जोडून म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी, मिस्टर लिन! पाणी आणा कुणीतरी!"

"नो, नो!" फोन कानाला लावून लिनसाहेब ओरडले. "माय वाईफ कुकिंग!" फोनमधून बाईंचा खणखणीत आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मेलेलं माणूस इतकं ओरडत नाही.

"मग गेलं कोण?" मॅडम मराठीवर आल्या.

मी यूतोंगला खुणेनं म्हणत होतो, बस, बस! पण तिच्या शाळेत धडा संपेपर्यंत थांबत नाहीत. ती समोरच्या भिंतीकडे बघत सरळ म्हणत राहिली.

"किडनी. तळेगाव हॉस्पिटल. शी से, गो होम, ईट. आय गो होम, ईट. देन फोन कम."

प्रतीक्षानं दाराची चौकट धरली.

"एव्हरी नाईट आय सी हर सिरियल. आय नॉट लाईक. बट शी विल आस्क, व्हॉट हॅपन."

"आबा..." प्रतीक्षा म्हणाली. हळूच.

"माय डॉटर फोन. आबा, ईट? आय से, वरण-भात. आय ईट बिस्किट. डॉटर आस्क, ओके? आय से, ओके. नॉट ओके."

फाइल खाली पडली. कागद टेबलाखाली गेले, ते उचलायला कुणी वाकलं नाही. यूतोंगनं शेवटचा घसा खाकरला, मान झुकवली आणि मोठ्यानं म्हणाली, "थँक्यू सर! प्लीज व्हिजिट अगेन!"

मॅडमनी चष्मा काढला. प्रतीक्षाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या कोटाकडे.

"काका, ही बायको कुणाची?"

मी शाळकरी पोरासारखा हात वर केला. "माझी, मॅडम."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मुलीची स्मरणशक्ती उत्तम आहे. प्रवेश देते." आणि जरा थांबून, "पण काका, शिकवणी बदलावी लागेल हं. प्रतीक्षा, तू जात जा संध्याकाळी. तुझं माहेरच आहे तिथं."

अशी माझी नोकरी माझ्याच मुलीला लागली!

बाहेर आल्यावर प्रतीक्षानं मला जिन्यात गाठलं. डोळे लाल, आवाज चढलेला.

"बिस्किटं खाता? आणि मला रोज वरण-भात सांगता? त्या परक्या मुलीला सगळं सांगितलंत, मला एक शब्द नाही!"

"तुला कसं सांगणार? तुला मराठी येतं."

"म्हणजे?"

"ज्याला मराठी येतं, तो लगीच उत्तर देतो. त्या पोरीला उत्तर देता येत न्हवतं. ती नुसती ऐकायची."

"असं कसं बोलता आबा? मी ऐकणार नाही का? तुम्ही असं मनाला लावून..."

"बघ! दिलंस का न्हाई उत्तर?"

तिनं ओठ घट्ट मिटले. आम्ही जिन्यातच बसलो. ती खरोखर काही बोलली नाही. मी म्हणालो, "तुझी आई त्या दिवशी मला म्हणाली, घरी जा, जेवून या..." एवढंच म्हणालो, तर ती माझ्या कोटात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली. मग मीच तिला थोपटत राहिलो, "उगी, उगी, सुटली ती." शब्द तोंडातून गेल्यावर कळलं, हे तर चिमाबाईंचं! लिनसाहेब गाडीचा हॉर्न वाजवत होते. पुढचं सांगायचं राहून गेलं.

आता प्रतीक्षा रोज संध्याकाळी येते. येताना डबा आणते, समोर बसून मला जेवायला लावते. बिस्किटांचे पुडे तिनं आल्या दिवशीच उचलून नेले. मग पायरीवर यूतोंगची शिकवणी. मुलगी मूळची हुशारच, आता अर्थासकट शिकते. शाळेत वक्तृत्वात तिचा नंबर आला. लिनसाहेब पेढे घेऊन आले आणि मला म्हणाले, "यू, फर्स्ट टीचर!" मी मान डोलावली. त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं?

मागच्या आठवड्यात प्रतीक्षाला यायला उशीर झाला. यूतोंग आणि मी दोघंच होतो. मला बरं वाटलं. घसा खाकरून म्हणालो, "टुडे आय सी अंबू चप्पल. डॉग स्लीप ऑन इट. आय नॉट..."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. चष्म्यातून मायेनं पाहिलं आणि सफाईदार, बिनचूक इंग्रजीत म्हणाली, "आबा, यू मस्ट बी स्ट्राँग. टाइम इज द बेस्ट मेडिसिन."

झालं! माझी एकुलती एक विद्यार्थिनी. पोरगी पास झाली!

तर वाचकहो, तुमच्या ओळखीत मराठी, हिंदी, इंग्रजी यांतलं काहीही न येणारं कुणी असेल, तर मळवलीला पाठवून द्या. स्टेशनवरून दहा मिनिटांवर बंगला आहे. फी नाही, वर चहा मिळेल. फक्त एवढं बघा, फार हुशार नको.