ईरप्पाच्या मागाचं राष्ट्रीय पारितोषिक

ईरप्पाचा जुना माग सोमवारी भंगारात घालायचा, हे त्याच्या बायकोनं, सुंदरम्मानं, पक्कं ठरवलं होतं. चादर विणताना तो खट्-खट् करता करता मध्येच कुईं करून रडायचा आणि रडला की धागा तोडायचा. ईरप्पाचा जीव मात्र त्याच मागात अडकलेला.

अशात अठ्ठ्याहत्तर साली एक बातमी आली. दोन वर्षांपूर्वी मुंबईचा एक ध्वनिमुद्रक सोलापुरात येऊन या मागापुढं तासभर माइक धरून बसला होता. त्याच्या सिनेमाला ध्वनिमुद्रणाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. झालं, ईरप्पानं मागाला हार घातला. पारितोषिक साहेबाला मिळालंय, मागाला नव्हे, असं सुंदरम्मानं सांगून पाहिलं. ऐकतो कोण? शेवटी तिनं अट घातली. सिनेमातला माग आपलाच, हे तिच्या कानाला पटलं तर माग राहील, नाहीतर भंगारात.

रविवारी दुपारच्या खेळाला सगळी गल्ली लोटली. अर्ध्या सिनेमानंतर पडद्यावर खट्-खट्-कुईं सुरू झालं आणि तिथंच घात झाला. मागापुढं बोलायचं म्हणजे ओरडून, ही त्या विणकर गल्लीची जन्माची सवय. जो तो शेजाऱ्याच्या कानाशी ओरडू लागला. मथुराबाई तर तीन रांगा पलीकडच्या जावेला आमटीत काय घालायचं ते सांगू लागली. ईरप्पा सगळ्यांना गप्प बसा म्हणत होता, पण तोही ओरडूनच, आणि सगळ्यांत मोठ्यानं.

मग पडद्यावरचा माग थांबला. माग थांबला म्हणजे कामाची पाळी सुटली, हीही जन्माची सवय. सगळी गल्ली उठली, चपला शोधल्या आणि मुकाट्यानं घरी निघाली. सिनेमा अजून बाकी आहे म्हणून दारावरचा माणूस हात जोडत राहिला.

रिकाम्या थेटरात ईरप्पा डोक्याला हात लावून बसला. शेजारी सुंदरम्मा चक्क घोरत होती. त्यानं तिला हलवलं.

"काय ऐकलीस का गं?"

"न्हाय की. खट्-खट्-कुईं झालं आन् डोळाच लागला बगा."

"मग उद्या भंगारवाला..."

"त्याला नको म्हणून सांगा. दुसऱ्याच्या मागापुढं मला कदी झोप लागलीया व्हय? म्हायेरीबी माग हाय, पण तितं रातभर टक्क जागी असती मी. आपलाच हाय त्यो."

पदर सावरत ती उठली आणि दाराशी जाऊन थांबली.

"आन् तेल घाला त्याला. पण कुईं तेवढं ऱ्हाऊ द्या."