कोट खरा की काटा खरा

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. सव्वीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासतोय, त्यामुळे माझा कोणावरही विश्वास नाही. दुकानदार हसला की मी आधी त्याच्या पारड्याखाली बघतो. (बायको हसली तर कुठे बघायचं, हे मात्र खात्यानं शिकवलेलं नाही.)

तर झालं असं, की आमच्या लेकीचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी ती भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो काढून माझ्यासमोर आली. फोटोत मी करड्या कोटात होतो. मुख्य म्हणजे, त्यात मावत होतो.

"बाबा, माझ्या लग्नात हाच कोट घालायचा. मला दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचेत."

एकुलती एक पोर, दोन महिन्यांत घरातून जाणार. तिला नाही कसं म्हणायचं? "हात्तिच्या, एवढंच ना?" म्हणत मी कपाटातून कोट काढून अंगात चढवला. बटण आणि काज यांच्यात चांगलं चार बोटं अंतर राहिलं. लेकीचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी बोलून गेलो, "लग्नापर्यंत हे बटण लावून दाखवीन, नाहीतर नावाचा निरीक्षक नाही!"

"मीही तेव्हाचेच कपडे घालते मग," बायको म्हणाली. "बारीक होऊ दोघंही."

झालं! सकाळी चालणं, रात्री उकडलेल्या भाज्या, आणि दर रविवारी लेकीसमोर परीक्षा. आधी बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभं राहायचं, मग कोट घालून बघायचा. मी अगदी काटेकोर होतो. (ऑफिसातली बिस्किटं धरलेली नाहीत. ती कमी वजनाची म्हणून जप्त केलेली होती, तेव्हा ते सरकारी काम झालं.)

तिसऱ्या रविवारी भानगड झाली. काटा म्हणाला, वजन एक किलोनं वाढलं. कोट घातला तर अंतर चारावरून दोन बोटांवर आलेलं! आता दोन साक्षीदार आणि दोन जबान्या. खोटं कोण बोलतंय? माझा सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणाला, काटाच. कापड बिचारं कशाला खोटं बोलेल? मी तिथल्या तिथे काट्याला तार बांधून शिशाचं सील ठोकलं आणि वर 'नापास' अशी चिठ्ठी डकवली.

"बरं केलंत," बायको म्हणाली.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी भिंतीत साधा खिळा ठोकला तरी ती "बरं केलंत" म्हणालेली नाही.

पाचव्या रविवारी बटण लागलं. लेकीनं टाळ्या पिटल्या, डोळेही पुसले. मी तर हवेतच होतो. त्या आनंदात बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि पँटचा हूक ताडकन तुटून फ्रिजवर आपटला.

कोट सैल आणि पँट घट्ट! दोन्हीत माणूस एकच. म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातली वीस-वीस किलोची दोन प्रमाणित वजनं घरी आणली. दोन हातांत दोन, तीन जिने. जीव जायचा तेवढा राहिला. सील तोडून दोन्ही काट्यावर ठेवली. बरोब्बर चाळीस! एका प्रामाणिक काट्याला मी नापास केलं होतं. नोकरीतला माझा पहिला अन्याय. मग हळूच स्वतः उभा राहिलो, तर तीन किलो वाढ.

म्हणजे कोटात घोटाळा! पण करणार कोण? मी घरातल्यांच्या हालचालींवर पाळत ठेवली. बायको दर गुरुवारी संध्याकाळी 'चालायला' जायची, आणि जाताना भलीमोठी पिशवी न्यायची. चालायला पिशवी कशाला लागते हो?

त्या गुरुवारी मी मागावर निघालो. ती झपाझप पुढे, मी धापा टाकत मागे. (तोवरचा माझा खरा व्यायाम हाच.) ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात शिरली. मी दाराबाहेर, पाटीमागे.

"वहिनी, आता नाही जमायचं," शिंपी सांगत होता. "पाठ उसवली, दोन्ही बाजू उसवल्या. आत होतं नव्हतं तेवढं कापड सोडलं. आता साहेबांनाच कुठेतरी आत घ्या."

मी आत उडी मारली. "सापडलात! मापात फेरफार! गुन्हा आहे हा!"

शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली. बायकोला मात्र काहीच वाटलं नाही.

"ओरडू नका. तुमच्याच्यानं व्हायचं नाही, हे मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. तुमच्या शर्टाच्या खिशात बिस्किटांचा चुरा असतो रोज. बटण लागलं नसतं तर पोरीचा चेहरा पुन्हा तसाच झाला असता. जाताना तिला तसं बघायचं? मला नाही बघवणार."

मी पिशवीत डोकावलो. विषय बदलावा म्हणून विचारलं, "आणि पिशवीत हे दुसरं काय?"

"ते माझं आहे. तुम्ही तिकडे बघू नका."

"वहिनींच्या लग्नातल्या पोलक्यातलंही तीन बोटं सोडलंय," शिंपी भाबडेपणानं म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो कात्री शोधायला टेबलाखालीच गेला.

पण 'तुमच्याच्यानं व्हायचं नाही' हे शब्द मला झोंबले. उरलेले तीन आठवडे मी बिस्किटांना हात लावला नाही. लोखंडी वजनं घेऊन रोज तीन जिने चढलो, उतरलो. शेवटच्या रविवारी काट्यानं सांगितलं, साडेपाच किलो कमी! आणि हा काटा मी स्वतः तपासलेला. कोट परत आत घ्यायला मी शिंप्याकडे धावलो, पण तो लग्नाच्या कपड्यांत गळ्यापर्यंत बुडालेला. "सोडायला सांगता, धरायला सांगता. आता लग्नानंतर या," म्हणाला.

लग्नाच्या सकाळी कोट घातला. बटण लागलं, आणि आत आणखी एक उशी मावली असती. लेक सजून बाहेर आली. मला बघून आधी हसली, मग तिच्या कपाळाला आठी पडली. (पोरगी माझीच.) तिनं मला गर्रकन फिरवलं आणि पाठीवरून बोट फिरवलं. शिवणीच्या कडेला न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसत होती.

"बाबा, कोट उसवून घेतलात?"

मी बायकोकडे पाहिलं. ती छतावरच्या फुलांकडे फार बारकाईनं बघत होती. खरं सांगितलं असतं तर ऐन लग्नात आईची चोरी उघडी पडली असती.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"तरीच! म्हटलं, तुम्ही आणि बारीक?" ती हसली, हसता हसता तिला रडू आलं आणि तिनं मला घट्ट मिठी मारली. "असू दे. माझ्यासाठीच केलंत ना!"

मलाही राहवेना. साडेपाच किलो गेले खड्ड्यात, असं वाटलं.

मग डोळे पुसून ती आईकडे वळली. "पण बाबा, आईकडून शिका जरा काहीतरी. बघा, तेव्हाचेच कपडे आणि कसे अंगाबरोबर बसलेत!"

"मी तर रोज सांगते यांना," बायको म्हणाली.