अजून एक पिढी

मुलांनो, आमच्या अमरावतीच्या कॉलनीत शेजारचे वसंतभाऊ खाऊच्या पाकिटांची लग्नं लावतात.

भाऊ इंजिनियरिंग कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक. त्यांची लेक सुधा अकोल्यात घरगुती पदार्थांचं छोटं दुकान काढते आहे. पाकिटं चारच ठेवायची; कोणती ठेवली तर नफा जास्त, एवढंच तिने विचारलं होतं. भाऊंनी कॉम्प्युटर लावला.

"चार पाकिटं म्हणजे येक कुटुंब, वयनी," त्यांनी मला समजावलं. "दोन चटण्या येका घरात आल्या का येकमेकीचं गिऱ्हाईक खातेत. म्हणून सारं कुटुंब पाहाचं."

अशी पुष्कळ कुटुंबं मांडायची. नफ्यात कमी पडतील ती काढायची. उरलेल्यांतल्या दोघांनी आपापली पाकिटं अदलाबदल करायची, हे लग्न. त्यातून नवी पिढी. मधूनच बोरकुटाच्या पाकिटासारखा न बोलावलेला पाहुणा घुसवायचा, म्हणजे सगळी घरं एकसारखी होत नाहीत.

पण लोकांना काय आवडतं ते कॉम्प्युटरला कुठून कळणार? म्हणून संध्याकाळी आम्ही कॉलनीतली मंडळी भाऊंच्या अंगणात चाखायला बसतो आणि गुण देतो.

"खारोड्या हायेत का गिट्टी, भाऊ?" बाजरीची वाळवलेली खारोडी दाताखाली धरून पलीकडची शोभा विचारते.

"तुही जीभ पुण्याची होऊन राहिली, शोभे!"

निघताना कोणी "झालं ना आता?" म्हटलं, की भाऊंचा हात वर. "अजून येक पिढी!"

हल्ली मात्र प्रत्येक पिढीत तेच कुटुंब जिंकतं: लसूण चिवडा, जवसाची चटणी, खारोड्या, तिळाचे लाडू. परवा चाखणं संपत आलं असताना सुधा आली, तिने सगळं पाहिलं.

"बाबा, उत्तर तं कधीचंच आलं. काहून लोकांले रोज बोलावून राहिले?"

भाऊ उठले आणि रिकाम्या खुर्च्या एकात एक रचू लागले. त्यांची बायको गेल्यावर त्या कितीतरी दिवस तशाच भिंतीशी रचलेल्या होत्या, आणि फाटकाला आतून कडी असायची.

माझे गुण द्यायचे राहिले होते. तिळाचा लाडू मी नुकताच संपवला होता, दुसरा हातात होता.

"भाऊ, लाडवाला शून्य लिहा," मी म्हटलं.

"चिवड्याले बी शून्य," शोभा म्हणाली. तोंड चिवड्याने भरलेलं.

भाऊ थांबले. वरची खुर्ची त्यांनी पुन्हा खाली मांडली. "पाहा सुधे, आता अजून येक पिढी लागन."

सुधाने शोभाच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, मग बापाकडे.

"दुकान मी या चारांवरच उघडते, बाबा. तुमचं चालू द्या," ती म्हणाली, आणि त्याच खुर्चीवर बसून बशीसाठी हात पुढे केला.