पाळीवरचा पिवळा धोतरा

कोणत्याही शत्रूचा नायनाट करण्याआधी त्याची ओळख पक्की करून घ्यावी, हे सभ्यतेचं लक्षण आहे. असभ्य माणसं तण दिसलं की उपटतात. आमचं गाव गोंदियाकडे, कामठ्याच्याही पलीकडे असलं तरी सभ्य आहे, आणि मी निवृत्त मुख्याध्यापक असल्याने त्या सभ्यतेची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. (कोणी दिली नव्हती.)

यंदा गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पिवळा धोतरा माजला. काटेरी पानं, पिवळं फूल, मोडलं तर पिवळा चीक. मूळचा परदेशी. घोळ असा की मोबाइलवरच्या माहितीनुसार त्याच्या दोन जाती निघाल्या. एकीचं फूल गडद, कळी गोलसर. दुसरीचं फूल फिकं, कळी लांबट. काटे दोघींना. चीक दोघींना. बी दोघींचं काळं, मोहरीसारखं आणि विषारी. म्हणजे फरक फारच महत्त्वाचा होता. ग्रामसभेने तण-ओळख समिती नेमली. अध्यक्ष मी, सदस्य दुधराम, कारण त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि गावातली सगळ्यात ताजी नजर त्याचीच होती.

पाळीच्या पायथ्याशी सुभद्राबाईचं खळं. मोहरी कापून ती तिथेच वाळत घालते आणि घरचं वर्षाचं तेल त्यातून निघतं. ती विळा घेऊनच आली.

"गुरुजी, थे बी फुटन तं माह्या मोहरीत पडन. उपटून काऊन नाही राहिले?"

"जात ठरल्याशिवाय हात लावता येत नाही, बाई."

"जात कायले पायता? मले का सोयरीक कराची हाय?"

समितीने हा प्रश्न अवांतर ठरवला आणि तिला परत पाठवलं.

निदान फुलावरून करायचं, तर फूल टवटवीत हवं. म्हणून आम्ही धोतऱ्याला तलावाचं पाणी घालू लागलो. बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. (बकऱ्या धोतऱ्याला तोंड लावत नाहीत. पण बेसावध राहणं समितीला शोभत नाही.) दुधरामला फूल सकाळी गडद दिसे, दुपारी फिकं, म्हणून दुपारी मी छत्री धरून उभा राहू लागलो. शेवटी गोंदियाला जाऊन रंगाच्या दुकानातून भिंतीच्या पिवळ्या छटांचं कार्ड आणलं. दुकानदाराने विचारलं, "गुरुजी, दीवार कितनी बड़ी है?" मी म्हणालो, पाळ आहे. त्याने कार्ड फुकट दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पाण्याने धोतरा असा फोफावला की गावात इतकं चांगलं पीक दुसरं नव्हतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला. आम्ही कार्डातल्या दोन छटांवर अडलेलो असताना बोंडं तडकली आणि फाल्गुनातल्या वाऱ्याने बी पायथ्याला नेलं, खळ्यावर.

सुभद्राबाईने मोहरी पाखडून पाहिली, चाळून पाहिली. काळ्यातून काळं निवडायचं कसं? सुनेला दिवस गेलेले, घरात म्हातारी सासू. असलं तेल कोणाच्या ताटात वाढणार? तिने सगळी मोहरी खड्ड्यात ओतली आणि वर माती लोटली. मी पाळीवर छत्री धरून उभा होतो. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, अगदी खरी लाज. पण अध्यक्षाने लाज कोणाकडे सादर करायची याचा नियम नव्हता, म्हणून मी छत्री मिटून बैठक बोलावली.

त्या बैठकीत जातीचा निर्णय एकमताने झाला. दुधरामने त्यानंतर राजीनामा दिला आणि आपल्या घरातला तेलाचा डबा उचलून सुभद्राबाईकडे नेला.

आता तुम्ही. सुभद्राबाईचं वर्ष कसं निघेल, हे तुम्ही मला विचारणार नाही. शेवटी जात कोणती ठरली, गडद की फिकी, हेच तुमच्या ओठांवर आहे. संकोच नको. समितीत एक जागा रिकामी आहे.