मारुतीच्या पायाखालचा खटका

“आपली मोटार आता साक्षात यमानं जरी पळवायची म्हटली, तरी त्याला पुढं रेडाच जुंपावा लागंल,” महिपती म्हणाला आणि त्यानं मिशीवरून असा हात फिरवला, की जणू यम दाराबाहेर चपला काढून हात जोडून उभा आहे.

सारजा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“का? पुन्हा बिघडली का काय?”

“बिघडली न्हाय. बंदोबस्त केलाय.”

त्याचं असं झालं होतं. महिपतीची मोटार बारामती ते इंदापूर उतारू वाहायची. तिचं टप ताडपत्रीचं, भोंगा रबरी, आणि चालायला लागली की तिचा एकूण एक भाग वेगवेगळ्या सुरात भजन म्हणायचा. पण महिपतीचा जीव तिच्यात. मागच्या महिन्यात भिगवणला कुणा सावकाराची मोटार दिवसाढवळ्या नाहीशी झाली, तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. अखेर पुण्याच्या एका मिस्त्रीकडून त्यानं एक खटका आणला. एकदा दाबला की इंजिनाची वीज चालू, पुन्हा दाबला की बंद. वीज बंद असली की पुढं हँडल मारून मारून चोराचा खांदा निखळला, तरी मोटार हूं की चूं करणार नाही.

आता खटका लपवायचा कुठं? सीटखाली चोर बघणारच. टपात बघेल, पेटीत बघेल. महिपती दोन दिवस विचारात होता आणि तिसऱ्या दिवशी भर कीर्तनात, बुवा मारुतीच्या उड्डाणाचं वर्णन करत असताना, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोटारीत चक्रापुढच्या फळीवर वीतभर उंचीचा पितळी मारुती होताच. त्याच्या पायाखाली दबलेली ती पनवती राक्षसीण. पनवतीच्या जागी खटका!

“चोर म्हंजे पापी माणूस,” त्यानं सारजाला समजावलं. “पापी माणूस देवाच्या पायाला हात लावंल का?”

“आन् पुण्यवान माणूस?” सारजानं विचारलं.

पण तेवढ्यात महिपती अंगणात गेला होता. बाहेर खुद्द आबासाहेब आले होते.

आबासाहेब म्हणजे रामाच्या देवळाचे पंच. रामनवमीच्या जन्माच्या कीर्तनाला बावड्याचे रंगनाथबुवा यायचे ठरले होते. बुवांची वाणी अशी, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी आणि पोटातलं हसू एकाच वेळी वर यावं. बुवा आदल्या दिवशी इंदापुरात असणार होते. तिथून त्यांना आणायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

“आमची छकडागाडी आदल्या दिवशीच पाठवतो,” आबासाहेब म्हणाले. “तुझ्या यंत्राचा काय भरवसा हाय? राम बारा वाजता जन्मतो, महिपती. तुझी मोटार यायची वाट बघत थांबायचा न्हाय.”

महिपतीच्या वर्मावर बोट पडलं. चार माणसं उभी होती. तो म्हणाला, “बुवा बाराच्या आत देवळात आलं न्हाईत, तर मोटार मोडीत घालीन आन् त्याच पैक्यात बैलजोडी घीन. तुमच्यापुढं शब्द हाय माझा.”

“ऐकलंत मंडळी?” आबासाहेब म्हणाले. मंडळींनी ऐकलं होतं. असली गोष्ट मंडळी कधी चुकवत नाहीत.

रामनवमीच्या सकाळी इंदापूरच्या वेशीत मोटार उभी राहिली. महिपतीनं इकडंतिकडं पाहिलं, हात जोडले आणि नमस्काराच्या मिषानं अंगठ्यानं पनवती दाबली. हँडल मारलं. मोटार भजनाला लागली. उतारू बघतच राहिले.

“काय भाविक माणूस हाय,” एक म्हातारा म्हणाला. “आधी मारुतीच्या पायाखालची पनवती दाबतो, मग गाडीला हात लावतो. इडापिडा ठेचूनच निघायचं म्हणा की.”

हे बोल महिपतीच्या कानावर पडले आणि त्याची छाती फुगली. तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

रंगनाथबुवा आले. अंगरखा, खांद्यावर उपरणं, बगलेत वीणा. मागं तबलजी जयवंता. बुवा पुढच्या मानाच्या जागेवर बसले, आणि समोर मारुतीराय दिसताच त्यांनी भक्तिभावानं पायाखालच्या पनवतीवर अंगठा टेकला.

मोटार गप्प झाली.

“पेट्रोलात कचरा आला जनू,” महिपती म्हणाला. खाली उतरून त्यानं नळी काढली, फुंकली, पुन्हा बसवली. एवढ्यात मागच्या बाकावरून जयवंता वाकला आणि त्यानंही नमस्कार करून घेतला. महिपतीनं हँडल मारलं, मोटार सुरू! “बघितलंसा? कचराच हुता,” तो तोंडातलं पेट्रोल थुंकत म्हणाला.

कळसपर्यंत वाऱ्यासारखे आले. उजव्या हाताला ऊस, डाव्या हाताला वांग्यांचे वाफे, आणि मध्ये बुवा सुंदरकांडातली पदं गुणगुणताहेत. महिपतीला वाटलं, आपण मोटार नाही, पुष्पक विमान चालवतो आहोत. कळसला फुलाबाई माळीण वांग्यांची पाटी घेऊन वाटेत उभी. महिपतीनं इंजिन चालूच ठेवून तिला वर घेतलं. फुलाबाईनं पाटी ठेवली, पदर सावरला आणि मारुतीच्या पायाला हात लावला.

मोटारीचा आवाज गिळल्यासारखा बंद.

“माज्या वांग्यांचं वझं झालं व्हय रं?” फुलाबाईनं विचारलं.

“वांग्यांचं न्हाय, मावशी. कचरा.”

पुन्हा नळी. पुन्हा फुंकर. हँडलवर हँडल. अंगरख्यातून पाणी गळायला लागलं, पण इंजिन हलेना. ऊन चढत होतं. महिपतीला आबासाहेबांचा चेहरा दिसला, त्यामागं बैलांची दोन तोंडं दिसली. आणि मग त्याला खटका आठवला. तो धावत आत आला, नमस्कार करून त्यानं पनवती दाबली आणि धावत पुढं गेला.

“बिचारा पुन्यांदा पाया पडून गेला,” फुलाबाई हळहळली. “आपुनबी पडावं, बया.” आणि ती पडली.

हँडल. काही नाही. महिपती आत, पनवती, बाहेर. त्याची पाठ वळताच म्हातारा पाया पडला. हँडल. काही नाही.

“मंडळी,” बुवा गंभीरपणे म्हणाले, “संकट भक्तीची परीक्षा बघतं. एकेकानं मारुतीरायाला शरण जा.”

मग काय विचारता! उतारूंनी रांगच लावली. महिपती पुढं जीव खाऊन हँडल फिरवत होता आणि समोरच्या काचेतून त्याला दिसत होतं: एक हात पुढं आला, इंजिन भुर्र. दुसरा हात पुढं आला, इंजिन फुस्स. तिसरा हात, भुर्र. चौथा, फुस्स.

महिपतीच्या हातातून हँडल गळालं.

“हात काढा,” तो ओरडला. “देवाच्या पायाला कुनी हात लावायचा न्हाय!”

उतारू रांग मोडून बुवांकडं बघायला लागले.

“काय म्हणालास?” बुवांनी विचारलं.

“लांबनं नमस्कार करा, बुवा. पाया पडू नका.”

फुलाबाईनं तोंडावर पदर घेतला. “मारुतीचं पाय काय याच्या बापानं इकत घेतल्यात?”

बुवा उठले. वीणा बगलेत घेतली आणि खाली उतरले. “ज्या गाडीत देवाचे पाय शिवायला बंदी, त्या गाडीत मी बसत नाही. चालत जाईन. रामाला कळेल, मला उशीर का झाला.” जयवंता तबला डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं.

आता गुपित सांभाळावं तर राम कीर्तनावाचून जन्मणार, आणि सांगावं तर खटका उघडा पडणार. महिपतीनं क्षणभर मोटारीकडं पाहिलं, क्षणभर त्या पाठमोऱ्या उपरण्याकडं. मग त्यानं धावत जाऊन भर रस्त्यात बुवांचे पाय धरले आणि पुण्याच्या मिस्त्रीपासून सगळं घडाघडा सांगून टाकलं.

बुवा ऐकत राहिले. त्यांच्या मिशा थरथरल्या. महिपतीला वाटलं, आता शाप येतो. पण बुवांना असं काही हसू फुटलं, की उपरणं खांद्यावरून घसरून धुळीत पडलं.

“अरे, ज्याच्या पायाशी सगळ्या जगाची चावी, त्याच्याच पायाशी तू ती लपवायला गेलास?”

त्यानंतर मोटार निघाली ती थेट बारामतीला. कुणाची भक्ती उसळू नये म्हणून फुलाबाईनं वांगी बाकाखाली ओतून रिकामी पाटी मारुतीरायावर पालथी धरली होती.

देवळात माणूस मावत नव्हतं. आबासाहेब एका हातात पाळण्याची दोरी धरून दुसरा हात कपाळावर आडवा घेऊन रस्त्याकडं बघत होते. बुवा धावत येऊन कीर्तनाला उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, कौसल्येच्या महालात सूर पोचला आणि ऐन बाराला राम जन्मला! गुलाल उधळला, फुलं उडाली, बायकांनी पाळणा म्हटला. महिपती पुढच्या रांगेत बसून रडत होता. रामासाठी की मोटारीसाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

जन्म झाल्यावर बुवांनी उत्तररंगाला दृष्टांत घेतला. “आता मारुतीरायाची एक ताजी लीला ऐका,” ते म्हणाले. “याच गावचा एक भाविक. त्यानं मोटारीत खटका बसवला.”

मंडळी कान देऊन पुढं सरकली. बुवा काय रंगले म्हणून सांगू! नळी फुंकणारा महिपती, पदर सावरणारी फुलाबाई, भुर्र आणि फुस्स. एकट्या तोंडानं त्यांनी सगळी मोटार उभी केली. लोक हसून लोळले. महिपती तर असा तल्लीन झाला, की बुवा “खटका होता कुठं?” म्हणून जरा थांबले, तेव्हा तो स्वतःच उठून म्हणाला, “पायाखाली, बुवा! पनवतीच्या जागी!”

“ऐकलंत? तात्पर्य काय, तर मारुतीच्या पाया पडल्याशिवाय काही चालत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेबांनी स्वतः महिपतीच्या हातावर सुंठवडा ठेवला. “शब्द राखलास, गड्या.” महिपती तरंगतच देवळाबाहेर आला.

पिंपळाखाली मोटार नव्हती.

सारं गाव धावलं. पुढं महिपती, मागं आबासाहेब, त्यांच्या मागं उपरणं सावरत बुवा. गावाबाहेर ओढ्याच्या उतारावर मोटार एकटीच उभी होती. चोर पसार. हँडल धुळीत पडलेलं. आणि मारुतीच्या पायाशी, खटक्याला टेकून, चिमूटभर सुंठवडा ठेवलेला.

“कीर्तनाला हुता की मेला,” फुलाबाई म्हणाली.

सगळा उलगडा झाला. गडी कीर्तनातून उठला, सांगितल्याप्रमाणं मारुतीच्या पाया पडला, मोटार सुरू झाली. ओढ्यापर्यंत निर्विघ्न आलो म्हणून त्यानं देवाला प्रसाद ठेवला, आणि कृतज्ञतेनं पुन्हा पाया पडला.

“पापी माणूस देवाच्या पायाला हात लावत न्हाय म्हनं,” सारजा म्हणाली. तीही पळत आली होती. पिठाचे हात तसेच होते.

महिपती मोटारीच्या पायरीवर बसला. “मोटार वाचली, पर आता खटका लपवू कुठं, सांग. चोर तसा, साव तसा. समदं गाव नमस्कार करतंय.”

सारजानं जास्त विचार केला नाही.

“तुमच्याच पायाखाली बसवा,” ती म्हणाली. “तितं कुनी हात लावायला यायचं न्हाय.”

त्यानं तसंच केलं. आणि खरं सांगायचं तर, त्या खटक्याला पुढं कधीच कुणाचा हात लागला नाही.